टॅक्रोलिमसची पातळी किती वेळा तपासावी? मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे एक प्रकरण

(रुग्णाची, डॉक्टरांची व रुग्णालयाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रकमा त्या काळातील असून पूर्णांकात दिल्या आहेत.)

पार्श्वभूमी

रुग्ण मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणारे, चौतिशीतले गृहस्थ. दीड वर्ष डायलिसिसवर काढल्यानंतर आईने दिलेल्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयात झाले. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली आणि दहाव्या दिवशी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम घटले की रक्तात वाढणारा घटक) १.२ वर स्थिरावले. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही नेहमीची तीन औषधे सुरू झाली.

या तिघांपैकी टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी मोजणे अपरिहार्य असते. त्याची गुणकारी पातळी आणि घातक पातळी यांत अंतर फार थोडे आहे. पातळी कमी पडली की शरीर परके मूत्रपिंड नाकारू लागते. वाढली की हात थरथरतात, साखर व रक्तदाब चढतात आणि ज्या मूत्रपिंडाला वाचवायचे त्याचीच हानी होते. दोन्ही प्रसंगी क्रिएटिनिन वाढते, म्हणून केवळ क्रिएटिनिन पाहून औषध वाढवायचे की कमी करायचे हे ठरवता येत नाही. शिवाय समान वजनाच्या दोन माणसांना समान मात्रा दिली तरी पातळी दुपटीने वेगळी येऊ शकते, कारण आतडे व यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) हे औषध मोडते त्यांचा जोर अनुवंशिकतेनुसार बदलतो आणि इतर औषधांमुळेही कमी-जास्त होतो. साध्या जुलाबांतही पातळी घसरण्याऐवजी बहुधा वाढते, हे अनेक रुग्णांना आणि काही डॉक्टरांनाही ठाऊक नसते.

चौथ्या महिन्यात रक्तदाब १५०/९६ च्या आसपास राहू लागला, तेव्हा रुग्णालयाच्या प्रत्यारोपण केंद्राने डिल्टियाझेम ६० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केले. हेतू दुहेरी होता. डिल्टियाझेम रक्तदाब उतरवते, आणि टॅक्रोलिमस मोडणाऱ्या विकराला अडवत असल्याने टॅक्रोलिमसची मात्राही कमी लागते. भारतातील अनेक प्रत्यारोपण केंद्रे खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी हा मार्ग जाणीवपूर्वक वापरतात. या रुग्णाच्या बाबतीत आठवड्याभरात पातळी ८.१ वरून १२.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवर गेली. टॅक्रोलिमसची मात्रा रोजच्या ५ मिलिग्रॅमवरून टप्प्याटप्प्याने ३ मिलिग्रॅमवर आणल्यानंतर ती ६.८ वर थांबली. औषधाच्या बिलात महिन्याला सुमारे दोन हजार रुपये वाचू लागले.

अंतर वाढवण्याचा निर्णय

पहिले वर्ष निभावले. शस्त्रक्रियेचा मोठा भार शासकीय योजनेने आणि रुग्णालयाच्या निधीने उचलला होता. वर्षानंतर मात्र औषधे आणि तपासण्या कुटुंबाच्या खिशातून होऊ लागल्या: औषधांचे महिन्याला सुमारे नऊ हजार, गावातील नेहमीच्या रक्त-लघवी तपासण्यांचे सातशे, आणि दर तीन महिन्यांनी पुण्यात पातळीच्या तपासणीचे २,२०० रुपये.

पातळीची खरी किंमत २,२०० रुपये नव्हती. तपासणीसाठी रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे आदल्या रात्रीच्या मात्रेनंतर साधारण १२ तासांनी द्यावे लागते. गावाहून रातोरात निघून सकाळी वेळेवर पोहोचणे भरवशाचे नव्हते, म्हणून आदल्या दिवशी येऊन मुक्काम करावा लागे. दोघांचे एसटीचे भाडे, राहणे-जेवणे आणि बंद दुकान धरून आणखी अडीच हजार जात. म्हणजे एक पातळी ४,७०० रुपयांना पडे आणि वर्षाच्या चार पातळ्या १८,८०० रुपयांना.

पंधराव्या महिन्यात पातळी ६.१ आणि क्रिएटिनिन १.२ आले. सलग पाच पातळ्या लक्ष्यमर्यादेत होत्या. कुटुंबाने विचारले की, दर वेळी तेच येते तर इतक्यांदा का करायचे. प्रश्न रास्त होता. मूत्रपिंडविकारांवरील २००९ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत टॅक्रोलिमसची पातळी मोजण्याची शिफारस भक्कम श्रेणीची आहे. ती केव्हा मोजावी याविषयीच्या सूचना मात्र कमकुवत श्रेणीच्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर लक्ष्य गाठेपर्यंत एक दिवसाआड, आणि पुढे औषधांत वा प्रकृतीत पातळी बदलवणारा फरक पडला किंवा मूत्रपिंडाचे काम घटले तर, असे ते सांगतात. स्थिर रुग्णाची पातळी वर्षातून चार वेळा पाहावी की दोन वेळा, याचे पुराव्यावर उभे उत्तर त्यांत नाही, आणि पातळी न मोजताच रुग्ण सांभाळून तुलना करणे नैतिकदृष्ट्या शक्य नसल्याने ते सहजासहजी मिळणारही नाही.

केंद्राने तीन पर्याय पाहिले. पहिला, त्रैमासिक तपासणी चालू ठेवणे. दुसरा, सहामाही तपासणी करून दरम्यान गावात दरमहा क्रिएटिनिन पाहणे. तिसरा, विकराची जनुकीय चाचणी एकदाच करून मात्रा पक्की करणे. हा पर्याय लगेच बाजूला पडला, कारण ती चाचणी सुरुवातीची मात्रा ठरवायला उपयोगी असली तरी स्थिर झालेल्या रुग्णाला तिचा फारसा लाभ नाही. (फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जनुकानुसार मात्रा दिलेल्या गटातील अधिक रुग्ण लवकर लक्ष्यपातळीत आले, पण रिजेक्शनच्या, म्हणजे शरीराने मूत्रपिंड नाकारण्याच्या, प्रमाणात फरक दिसला नाही.) दुसरा पर्याय निवडला गेला. कार्डावर लिहिले गेले: ‘लेव्हल ६ महिन्यांनी’. वर्षाला ९,४०० रुपये वाचणार होते.

हा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. उणीव होती ती कार्डावरच्या त्या ओळीत. सहा महिन्यांच्या आत कोणत्या प्रसंगी पातळी करायचीच, हे तेथे लिहिलेले नव्हते. आणि या रुग्णाची स्थिर पातळी डिल्टियाझेमच्या आधाराने स्थिर होती, ही गोष्ट पुण्यातील फाइलमध्ये होती, गावातील डॉक्टरांपर्यंत कधी गेलीच नव्हती.

बिघाड

सतराव्या महिन्यात रुग्णाला चक्कर येऊ लागली. गावातील फिजिशियनना नाडी ४८ आढळली. डिल्टियाझेममुळे नाडी मंदावते, म्हणून त्यांनी ते बंद करून अम्लोडिपिन दिले. त्यांच्यासमोरच्या प्रश्नापुरता हा निर्णय अचूक होता. चक्कर थांबली, रक्तदाबही ठीक राहिला. पण विकरावरचा अडसर निघाला आणि रोजची ३ मिलिग्रॅमची मात्रा अपुरी पडू लागली. कोणालाही काही जाणवले नाही, कारण पातळी घसरल्याचे कोणतेच लक्षण नसते.

एकोणिसाव्या महिन्यात क्रिएटिनिन १.५ आले, आठवड्याने १.७. रुग्णाने केंद्राच्या समन्वयकांना फोन केला. त्यांनी पुण्याला येण्यापूर्वी वेळ वाया जाऊ नये म्हणून जवळच्या शहरातील कलेक्शन सेंटरमध्ये पातळीसाठी रक्त द्यायला सांगितले. सल्ला योग्य होता. या तपासणीला अखंड (पेशी वेगळ्या न केलेले) रक्त लागते आणि ते थंड ठेवून मुंबई-पुण्याला पाठवता येते. रुग्णाने दुपारी कळवले, “ताई, रक्त देऊन आलो. गोळीसुद्धा आठच्या ठोक्याला घेतली होती, चुकवली नाही.” रक्त ११ वाजून ४० मिनिटांनी घेतले गेले होते.

अहवाल आला ९.२. त्यावर गोळीची वेळ नव्हती, संदर्भमर्यादा मात्र छापलेली होती. लक्ष्य ५ ते ७ चे असताना ९.२ म्हणजे जास्त, आणि क्रिएटिनिनही वाढलेले. तेव्हा हा औषधाचाच दुष्परिणाम, असा अर्थ मोबाइलवर अहवाल पाहणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरांनी लावला आणि मात्रा रोज २ मिलिग्रॅमवर आणली. गोळीनंतर साडेतीन तासांनी पातळी चढलेलीच असते. १२ तासांची पातळी त्या दिवशी मोजली असती तर ती बहुधा ४ च्या खाली निघाली असती. ज्या रुग्णाला औषध कमी पडत होते त्याचे औषध आणखी कमी झाले.

बारा दिवसांनी क्रिएटिनिन २.३ झाले आणि रुग्णाला पुण्याला बोलावण्यात आले.

भरतीच्या दिवशीचे पर्याय

वरिष्ठ डॉक्टरांनी पहिल्यांदा औषधांच्या पाकिटांची पिशवी टेबलावर ओतायला सांगितली. डिल्टियाझेमच्या जागी अम्लोडिपिन दिसताच चित्र बरेच उलगडले. जुलाब, नवी प्रतिजैविके, बुरशीवरचे औषध, काढे, पपनस या सर्वांची विचारणा झाली. उत्तर नकारार्थी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीपूर्वी घेतलेल्या रक्तात पातळी २.४ निघाली.

आता पुढे काय करायचे? मात्रा वाढवून दोन-चार दिवस वाट पाहणे सर्वांत स्वस्त होते. पण रिजेक्शन सुरू झाले असेल तर तेवढ्या दिवसांत झालेली हानी भरून येत नाही. बायोप्सी न करता थेट स्टेरॉइडची मोठी मात्रा देणे हा दुसरा मार्ग होता. पैशांच्या ओढीने तो अनेक ठिकाणी निवडला जातो आणि पातळी २.४ असताना तो तर्कसंगतही वाटत होता. त्याविरुद्ध मुद्दा असा की, क्रिएटिनिन वाढण्याचे कारण विषाणूसंसर्ग असेल तर हाच उपचार उलटू शकतो. आणि रिजेक्शन प्रतिपिंडांमुळे झालेले असेल तर नुसती स्टेरॉइड पुरत नाहीत. तिसरा मार्ग बायोप्सीचा. कुटुंबाशी बोलून तो घेतला गेला. दात्याविरुद्धच्या प्रतिपिंडांची महागडी तपासणी मात्र बायोप्सीचा निकाल येईपर्यंत थांबवली. खर्च टप्प्याटप्प्याने करण्याचा हा निर्णय विवाद्य आहे. मोठ्या शहरातील विमाधारक रुग्णासाठी दोन्ही एकाच दिवशी केल्या गेल्या असत्या.

कार्यवाही आणि परिणाम

बायोप्सीत पेशीजन्य तीव्र रिजेक्शन, रिजेक्शनची तीव्रता ठरवणाऱ्या बान्फ वर्गीकरणानुसार श्रेणी १अ, असे निदान आले. प्रतिपिंडजन्य हानीची खूण नव्हती. मिथाइलप्रेडनिसोलोन रोज ५०० मिलिग्रॅम याप्रमाणे तीन दिवस देण्यात आले, टॅक्रोलिमस रोज ५ मिलिग्रॅमवर नेले, संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमॉक्साझोल पुन्हा सुरू केले. मात्रा बदलल्यावर तीन दिवस थांबून पातळी पाहिली, ती ७.४ होती. डिल्टियाझेम परत द्यायचे नाही असे ठरले. नाडीमुळे आणि अंतरामुळेही.

सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन १.५ वर स्थिरावले. त्याच वेळी प्रतिपिंडांची तपासणी केली, ती नकारात्मक आली. वर्षानंतरही क्रिएटिनिन १.५ च आहे. १.२ वर असताना मूत्रपिंडाचा अंदाजे गाळणवेग मिनिटाला ८० मिलिलिटरच्या आसपास होता, आता तो ६० च्या आसपास आहे. रुग्ण दुकान चालवतो, डायलिसिसची गरज नाही. पण गेलेला भाग परत येण्याची शक्यता नाही आणि या प्रत्यारोपित मूत्रपिंडाचे आयुष्य किती घटले, हे आज कोणी सांगू शकत नाही.

हिशेब

सात दिवसांच्या भरतीचे बिल ८६,००० रुपये झाले. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१अअ नुसार निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखाव्या लागतात. त्यातील दुर्बल घटकाच्या सवलतीतून ३०,००० कमी झाले. कुटुंबाने उरलेले ५६,००० आणि प्रवास-मुक्कामाचे १४,००० भरले. कोणी भरले हे बाजूला ठेवले तर एकूण खर्च एक लाख.

नऊ हजार चारशे वाचवायला गेले आणि लाख गेले, असा निष्कर्ष मोहक आहे, पण तो अर्धवट आहे. केंद्रातील बहुसंख्य स्थिर रुग्णांच्या त्रैमासिक पातळीने उपचारात काहीच बदलत नाही. एकाच्या दुर्दैवावरून सर्वांचे वेळापत्रक ठरवले तर बाकीच्यांच्या खिशातून निष्फळ खर्च होतो. म्हणून प्रश्न असा मांडायला हवा: जादा तपासणीचा खर्च भरून निघण्यासाठी किती रुग्णांमागे अशी एक भरती टळली पाहिजे?

त्रैमासिक तपासणीचा सहामाहीपेक्षा जादा खर्च ९,४०० रुपये. त्यामुळे दरवर्षी साधारण अकरा रुग्णांमागे एक भरती टळली तरच तो भरतीच्या खर्चापुरता वसूल होतो. याउलट सहामाही तपासणी ठेवून, औषध बदलल्यावर वा क्रिएटिनिन वाढल्यावर गावाजवळच दोन जादा पातळ्या करायच्या ठरवल्या, तर जादा खर्च ४,४०० रुपये येतो आणि तेवीस रुग्णांमागे एक भरती टळली तरी पुरते. प्रसंगानुरूप पातळी दुहेरी किफायतशीर ठरते: ती स्वस्त पडते, आणि जेथे पातळी हलण्याचा संभव जास्त तेथेच ती केली जाते. या हिशेबात मूत्रपिंडाचे घटलेले काम आणि पुढे लवकर डायलिसिस लागण्याची जोखीम धरलेली नाही. धरली तर दोन्ही आकडे आणखी सैल होतील.

या हिशेबाला एक मोठी अट आहे, आणि या प्रकरणाने ती उघडी पाडली. प्रत्येक पातळी योग्य वेळी घेतलेली आणि योग्य रीतीने वाचलेली आहे, असे त्यात गृहीत आहे. ९.२ चा अहवाल २,२०० रुपयांचा होता आणि त्याने निर्णय बिघडवला. तो झालाच नसता तर रुग्णाला १.७ क्रिएटिनिनवरच पुण्याला बोलावले गेले असते, मात्रा कमी झाली नसती आणि बारा दिवस वाचले असते. वेळेची नोंद नसलेल्या पातळीचे मूल्य शून्याच्याही खाली जाते.

डिल्टियाझेमचा हिशेबही वेगळा ठेवून चालत नाही. त्याने वर्षाला सुमारे २४,००० रुपये वाचत होते. पण मात्रा दुसऱ्या औषधाच्या आधाराने कमी ठेवली की तो आधार हलण्याची जोखीम सोबत येते, आणि वेळच्या वेळी पातळी पाहणे हा त्या बचतीचाच खर्च ठरतो. केंद्राने बचत एका रकान्यात आणि तपासणी दुसऱ्या रकान्यात लिहिली, आणि नंतर दोन्हीकडे कात्री लावली. माझ्या मते या प्रकरणातील मूळ दोष हाच.

खर्च कोणाच्या खिशातून होतो याचाही निर्णयांवर परिणाम होतो. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना डायलिसिस मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. मूत्रपिंड बसवायला आणि ते गेल्यावर डायलिसिसला सार्वजनिक पैसा आहे. मधल्या वर्षांत ते टिकवणारी २,२०० रुपयांची तपासणी या कुटुंबाला स्वखर्चाने करावी लागली. एका वर्षाचे डायलिसिस, आठवड्याला तीन वेळा आणि प्रत्येकी १,२०० रुपये धरले तरी, १,८७,२०० रुपयांचे होते. त्यात पंच्याऐंशी पातळ्या बसतात.

वेगळे काय करता आले असते

पंधराव्या महिन्यात अंतर वाढवताना कार्डावर चार ओळी जास्त लिहिल्या असत्या तर बहुधा पुरले असते: कोणतेही औषध सुरू वा बंद झाले, जुलाब दोन दिवसांपेक्षा जास्त टिकले, टॅक्रोलिमसची कंपनी बदलली किंवा क्रिएटिनिन नेहमीपेक्षा पाव हिश्शाने वाढले, तर आठवड्याच्या आत पातळी. क्षयरोगाच्या उपचारात रिफॅम्पिसिन सुरू झाले तर पातळी इतकी कोसळते की तेथे आठवडाही थांबता येत नाही. ते सुरू करण्यापूर्वीच केंद्राला फोन हवा.

गावातील डॉक्टरांना पत्र गेले असते तर त्यांनी डिल्टियाझेम बंद करतानाच फोन केला असता. नंतर बोलताना त्यांनी तसे स्पष्ट सांगितले, आणि दोन वर्षांत केंद्राकडून आपल्याला एक कागदही आला नसल्याची नाराजीही व्यक्त केली. दूरच्या रुग्णाला मात्रा कमी करणारे दुसरे औषध देऊच नये, असे मत केंद्रातल्या चर्चेत पुढे आले. ते टोकाचे वाटते. जेथे गावातील डॉक्टर संपर्कात आहेत तेथे ही बचत टिकवता येते. जेथे नाहीत तेथे टॅक्रोलिमसचे पूर्ण पैसे देणे अधिक स्वस्त.

केंद्राने आता तपासणीच्या चिठ्ठीवर दोन रकाने छापले आहेत, शेवटच्या गोळीची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ. ते रिकामे असतील तर अहवालावरून मात्रा बदलायची नाही, असा नियम आहे. रुग्णांना सांगण्याची भाषाही बदलली: ‘लेव्हलच्या दिवशी गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या.’ एका रुग्णाच्या सर्व पातळ्या शक्यतो एकाच प्रयोगशाळेत होतात, कारण प्रतिपिंडांवर आधारित यंत्रपद्धती औषधाचे मोडलेले अंशही थोडेफार मोजतात आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक नेमक्या पद्धतीपेक्षा बहुधा जास्त आकडा दाखवतात. प्रयोगशाळा बदलली की औषध न बदलता पातळी बदललेली दिसते.

रुग्णालयाच्या निधीतून प्रत्येक गरजू रुग्णाला वर्षाला दोन प्रसंगानुरूप पातळ्या मोफत मिळू लागल्या आहेत. टॅक्रोलिमसची कंपनी बदलल्यानंतरची पातळी मात्र अजून त्यात धरलेली नाही. दुकानदार जे उपलब्ध असेल ते देतो, काही रुग्णांची कंपनी वर्षात तीन-चार वेळा बदलते, आणि त्या प्रत्येक वेळी पातळी करायची म्हटले तर निधी सहा महिन्यांत संपेल. वर्षभर एकाच कंपनीचे औषध रुग्णालयाच्या दुकानातून टपालाने पाठवावे, असा प्रस्ताव सध्या विश्वस्तांपुढे आहे.